बाबांच्या फोटोला हार

उर्वशीने विणलेलं पहिलं फूल पाहून शेजारची शकुबाई म्हणाली, "हे काय वो पोट्टी? कोनं तंबाखूचा खर्रा खाऊन थुकला का इथी?"

दुसरी कुणी असती तर सुई-लोकर गुंडाळून कोपऱ्यात फेकून मोकळी झाली असती. पण उर्वशीचे पाय तेव्हा जमिनीला लागत नव्हते. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. ती शाळेत मुलींमध्ये पहिली आली होती, हेडसरांनी तिचं नाव रंगीत खडूने फळ्यावर लिहिलं होतं, आणि ज्या गणिताने तिला सहावीपासून रडवलं त्याच गणितात तिला सगळ्यात जास्त मार्क पडले होते. अशा पोरीला एक वीतभर क्रोशाची सुई काय अडवणार!

"खर्रा तं खर्रा," ती म्हणाली. "पुढचं फूल पाहा तुमी काकू. केसात माळाले मागसान."

"मी? आता कोनाले दाखवाले माळू वो? महा मानूस तं फोटो होऊन भिताडावर जाऊन बसला," असं म्हणून शकुबाई स्वतःच फिदीफिदी हसली.

हे विणकामाचं वेड उर्वशीने सुट्टीत मोबाइलवरून उचललं होतं. व्हिडिओतल्या बाईची नखं रंगवलेली, बोटं लांब, लोकर मऊ. ती गोड हिंदीत काहीतरी बोलत राही आणि तिच्या सुईतून फूल असं बाहेर येई, जसं ते आत आधीच बसलेलं होतं. इकडे गोंडपिपरीच्या बाजारात लोकर मिळाली ती दोनच रंगांची, पांढरी आणि नारिंगी. त्यात मे महिना. पंखा गरम हवा फेकतोय, हाताला घाम, घामाने लोकर सुईला चिकटलेली. उर्वशी टाका इतका घट्ट ओढायची की पुढच्या वेळी सुईचं टोक त्यात शिरतच नसे. मग ती दातओठ खाऊन सुई खुपसायची आणि सुई टाक्याऐवजी बोटात जायची. पाकळ्या कधी चार व्हायच्या, कधी सहा. मधला गोल आवळायचा राहिला की फुलाला मध्येच भोक. ते डोळ्याला लावून ती आईला म्हणायची, "आई, मले तू दिसून राह्यली!"

आई हसायची नाही असं नाही. पण रुखमाचं हसणं ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबायचं. सकाळी ती जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणायची. दुपारी दोघी मायलेकी पडवीत बसून पानांचे पुडे बांधायच्या. पुडे संपले की उर्वशी सुई काढायची आणि रुखमा उठून भिंतीवरचा फोटो पदराने पुसायची.

फोटो श्रीहरीचा. उर्वशीच्या बाबांचा. लग्नानंतर गोंडपिपरीच्या स्टुडिओत काढलेला, मागे धबधब्याचा पडदा, आणि घड्याळ दिसावं म्हणून मनगट मुद्दाम पुढे केलेलं. उर्वशी सहावीत होती तेव्हा हा माणूस गावातल्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला. दर साली गावातले अर्धे लोक जातात आणि होळीनंतर लाल झालेले डोळे आणि मिरचीची पोती घेऊन परत येतात. त्या साली सगळे आले. श्रीहरी आला नाही. पुढच्या साली जाऊन आलेल्यांनी सांगितलं की तो तिकडे एका शेठचा ट्रॅक्टर चालवतो, ब्येस आहे, आणि एका तेलंगी बाईच्या घरी राहतो. त्याच्या पुढच्या साली सांगितलं की लेकरूही आहे. हे सगळं उर्वशीने पिठाच्या गिरणीवर ऐकलं. रुखमाने कुठे ऐकलं ते तिलाच ठाऊक. ऐकलं होतं हे मात्र नक्की, कारण त्या दिवसापासून ती फोटो रोज पुसायला लागली.

आणि नेमकी इथेच सगळी गाडी अडली होती.

ब्रह्मपुरीला उर्वशीचा मामा होता, प्रफुल. निकाल लागला त्याच संध्याकाळी त्याने फोन केला. म्हणाला, "बाई, पोरीले इकडे आन. सायन्स घेऊ दे तिले. आन् तू एकटी तिथी काय करतं? तू बी ये. मह्या घरामांगची खोली खालीच हाय. पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाकाले बाई पाहिजे, मी बोलून ठेवलं."

उर्वशीने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिला वाटलं आई आता हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं. गावाजवळच्या विद्यालयात अकरावीला फक्त आर्ट्स होतं, आणि उर्वशीला व्हायचं होतं नर्स. ती मनातल्या मनात चक्क पांढरे बूट घालून फिरतही होती.

रुखमा म्हणाली, "मी कशी येऊ? ते आले आन् घराले कुलूप दिसलं तं?"

पलीकडे मामा म्हणाला, "मंग पोरीले तरी धाड."

"पोरीले एकटी नाई धाडत. बाप नाई जवळ, उद्या काई झालं तं लोकं मलेच म्हनतीन."

"आई!" उर्वशी ओरडली.

"तू चूप बस. कुलूप पाहून मानूस परत गेला तं मी कोनाले बोल लावू?"

रुखमा जंगलात जाताना दाराला कडीच घालायची. कुलूप लावायचीच वेळ आली तर किल्ली शकुबाईकडे ठेवून सांगायची, "ते आले तं देजो." शकुबाई मान डोलवायची आणि ती वळली की उर्वशीला डोळा मारायची.

प्रवेशाची तारीख पुढे होती. मामा दर रविवारी विचारायचा, रुखमा दर रविवारी तेच सांगायची. उर्वशीने भांडून पाहिलं, न जेवता पाहिलं, गोड बोलून पाहिलं. तिला एवढं कळून चुकलं होतं की आईला बाबांची वाट बघणं थांबवायला लावल्याशिवाय ब्रह्मपुरीची एसटी काही आपल्यासाठी थांबत नाही.

दरम्यान हात मात्र वळायला लागला होता. लोकर बोटावर कशी खेळवायची ते कळलं. गोलात आधी साखळी, मग दोन खांब, मग परत साखळी आणि गोलात अडकवून टाकायचं, की झाली पाकळी. एका दुपारी सुई अशी चालली की उर्वशीलाच भरवसा बसेना. बरोबर पाच पाकळ्यांचं, नारिंगी पोटाचं, पांढरं फूल तिच्या तळहातावर बसलं होतं. ती ओरडत उठली, "आई, पाह्य! पाह्य ना वो!"

रुखमाने फूल हातात घेतलं. उलटंपालटं केलं. खरंच खूश झाली ती, तिचे डोळेच सांगत होते.

"किती साजरं झालं वो," ती म्हणाली. "ठेवून दे. तुहे बाबा आले का दाखवजो."

उर्वशीने तिच्या हातातून फूल ओढून घेतलं. एवढं पहिलं धड फूल, आणि तेही त्या माणसाच्या वाट्याला!

त्याच संध्याकाळी ती चाळणी द्यायला शकुबाईकडे गेली. शकुबाईच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, चंदनाच्या सालीचा धुळकट हार घातलेला. शकुबाई भाजी निवडता निवडता त्याच्याशी बोलत होती. "पाह्यलं का, वांगे आनले आज. तुले आवडत नोहते ना? मले आवडतेत." उर्वशीला पाहून म्हणाली, "आता कसा चूप आयकते! जिता होता तवा आयकत नोहता."

उर्वशी त्या हाराकडे बघत राहिली. शकुबाईला कुणाची वाट बघायची नव्हती. ती लेकीकडे जायची, जत्रेला जायची, परवा चंद्रपूरला दवाखान्यात गेली तर येताना सिनेमा बघून आली. तिचा माणूस भिंतीवर जागच्या जागी होता आणि ती मोकळी होती. आपल्या घरातल्या फोटोला तेवढा हारच नाही, म्हणून सगळा घोळ.

विचार डोक्यात आला तेव्हा उर्वशी आधी घाबरली. मग हळूहळू तो विचार तिला आवडायला लागला. ती काही कुणाला मारत नव्हती. आईला नुसतं दिसायला हवं होतं. भिंतीवर हार घातलेला फोटो एकदा डोळ्यांनी बघितला की आईच्या डोक्यात जे इतकी वर्षं अडकलंय ते सुटेल. रडेल ती. रडू दे. रडून झालं की सामान बांधेल. गणितासारखं सरळ होतं सगळं. आणि गणित तर उर्वशीला आता येत होतं.

मग ती फुलांमागे लागली. पुडे बांधून झाले की फुलं, जेवण झालं की फुलं. काही मोठी झाली, काही बारकी, काहींची शेवटची टोकं आत ओवायचा कंटाळा केला म्हणून तशीच लोंबत राहिली. रुखमा विचारायची, "एवढे फुलं कायले वो?" उर्वशी म्हणायची, "तोरन करून राह्यली." आणि रुखमा खूश व्हायची. दाराला तोरण म्हणजे कुणीतरी येणार असल्यासारखंच की.

वटपौर्णिमा आली. रुखमा उपाशीपोटी, हिरवी साडी नेसून, ठसठशीत कुंकू लावून बायांबरोबर तलावाकाठच्या वडाकडे गेली. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून! उर्वशी दारात उभी राहून ती पाठमोरी हिरवी साडी बघत होती, आणि ती अशी चिडली की उरलीसुरली भीतीही गेली. तिने स्टूल ओढलं. खाटेखालून हार काढला. पांढरं-नारिंगी, पांढरं-नारिंगी, थोडा वाकडा, पण भरगच्च. तिने तो बाबांच्या गळ्यात घातला. घड्याळावर एक फूल आलं ते बाजूला केलं. आणि हार घातल्यावर हात आपोआप पुढचं करतातच, तशी खाली एक उदबत्तीही लावली.

आई आली की आधी ती बघेल, मग मी बोलेन, असं तिने ठरवलं होतं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं.

पण आई यायच्या आधी शकुबाई आली. विधवा बाई, तिला वड नाही, त्यामुळे ती घरीच होती. तीच चाळणी पुन्हा उसनी मागायला ती सरळ आत शिरली, आणि तिची नजर भिंतीवर गेली.

"अगे माय वो! श्रीहरी गेला!"

"काकू, थांबा, आयका तं..."

पण शकुबाई कसली ऐकते! ती उंबऱ्याबाहेर, तिचा आवाज तिच्याही पुढे. उर्वशी मागे धावली तोवर दोन घरांतले लोक अंगणात आले होते, आणि जो तो पुढच्याला सांगत होता. ऑनलाइन सेंटरवाला प्रणितभाऊ गावातली एकही श्रद्धांजली हातची जाऊ देत नाही. त्याच्याकडे ढग, समई आणि पांढरी कबुतरं असलेली चौकट तयारच असते, नुसता चेहरा बसवायचा बाकी. त्याने उघड्या दारातून त्या हार घातलेल्या फोटोचाच फोटो मारला आणि चहा उतरायच्या आत गावच्या ग्रुपवर श्रीहरी ढगांत जाऊन बसला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

वडावरून बाया परतत होत्या. रुखमा मधोमध, हातात पूजेचं ताट. समोरून सारं गाव येताना पाहून ती थांबली. म्हातारी सुकरीबाई पुढे आली. गावात कुणाचा नवरा गेला की बायकोचं कुंकू पुसायचं काम तिच्याकडे. तिने एका हाताने रुखमाचं डोकं छातीशी धरलं आणि दुसरा हात तिच्या कपाळाकडे नेला.

"नोका!" उर्वशी गर्दीतून घुसली. "नोका पुसू! मेले नाई ते! जिते हायेत! हार मीनं लावला, मीनं!"

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी म्हणालं, "पाह्य वो ही पोट्टी! बापाले जिताच भिताडावर लटकवला." सुकरीबाईचा हात अजून हवेतच होता. रुखमाने ताट खाली ठेवलं, दोन पावलं पुढे आली आणि उर्वशीच्या कानाखाली अशी वाजवली की वडाला गुंडाळून उरलेला सुताचा गुंडा ताटातून घरंगळत गेला.

त्या दिवशी रुखमाने उपास सोडला नाही. उर्वशीने हार उतरवून परत खाटेखाली टाकला. पाठ केलेलं एकही वाक्य तिच्या कामी आलं नाही.

दिवेलागणीला रुखमा सुपात तांदूळ घेऊन बसली. खडे निवडता निवडता, मान वर न करता बोलली.

"कोनं इचारलं नाई वो."

"काय?"

"कवा गेला, कशानं गेला, फोन कोनाचा आला. एका मानसानं इचारलं नाई. सुकरीबाईचा हात तं असा आला, जसा साल-दोन सालापासून तयारच होता." तिने एक खडा बाहेर फेकला. "म्हंजे मी एकटीच वाट पाहून राह्यली होती."

तिने सूप बाजूला सारलं.

"प्रफुलले फोन लाव," रुखमा म्हणाली.

काय सांगावं त्या पुढच्या दिवसांचं! उर्वशीच्या गालावर बोटं उमटलेली आणि ती घरभर नाचतेय. बकरी शकुबाईकडे दिली. जिच्याकडे किल्ली ठेवायच्या तिलाच आता घरही बघायला सांगितलं. ट्रंकेत कपडे गेले, पोत्यात तांदूळ गेला. मामासाठी लाल कोंबडा न्यायचा ठरलं. प्रणितभाऊने पोस्ट काढून टाकली होती आणि लाज झाकायला म्हणून उर्वशीचा ब्रह्मपुरीचा फॉर्म फुकटात भरून दिला. फोटो मात्र रुखमाने भिंतीवरच राहू दिला. पुसला नाही. उर्वशीने हे पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कान सुजला होता, पण उत्तर बरोबर आलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी, सामान पडवीत काढून ठेवलेलं असताना, काळीपिवळी जीप चौकात थांबली. त्यातून एक माणूस उतरला. पोट सुटलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटात जाड सोनेरी घड्याळ. तो चौकातूनच ओरडत आला.

"कोनं मारलं मले? समोर या! कोनं मारलं?"

उर्वशीने बाबांना घड्याळावरून ओळखलं. तोच हात पुढे करायची लकब.

गाव पुन्हा गोळा झालं. श्रीहरी मोबाइल उंच धरून ज्याला-त्याला दाखवत होता. त्यात तोच, ढगांत, कबुतरांमध्ये. "शेठनं देखाडला मले हा! सारी टोळी हासली. म्हने श्रीहरी, तुह्या तेरवीचं जेवन कवा हाय? थो प्रनित कुठी हाय?"

"भाऊ, मीनं लगेच डिलीट केलं ना गा," प्रणित मागच्या मागे म्हणाला.

रुखमा घरातून बाहेर आली. उर्वशी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता बोलेल, आता विचारेल, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून. रुखमाने डोक्यावर पदर घेतला, रांजणात तांब्या बुडवला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं.

"ऊन लय लागलं असन," ती म्हणाली.

श्रीहरी पडवीत टेकला. त्याची नजर ट्रंकेवर गेली, पोत्यावर गेली.

"कुठी चालल्या?"

"कुठी नाई," रुखमा म्हणाली. "कपड्याईले ऊन दाखवाले काढलं."

उर्वशीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या तोंडून शब्द निघाले ते तिलाही आवरले नाहीत. "खोटं! ब्रह्मपुरीले चाललो आमी. मामाकडे. मी सायन्स घेनार हाव. शाळेत पयली आली मी, मालूम हाय का तुमाले?"

"घर सोडून?" श्रीहरीला खरंच आश्चर्य वाटलं. "मंग मी आलो तं कुठी जाऊ?"

"तुमी येता कवा?"

"आता आलो ना. समोर बसलो थो दिसत नाई का तुले?"

"बापाले उलटून बोलू नोको," रुखमा म्हणाली. आवाजात राग नव्हता. विजय होता. पाहिलंस, असं ती न बोलता म्हणत होती, कुलूप लावलं असतं तर?

लाल कोंबडा त्याच दुपारी कापला गेला. रुखमा चुलीपुढे बसून हसत होती. ओठांवर थांबणारं हसणं नाही, दातांचं, गालांचं हसणं. उर्वशीने आपल्या आईला इतकी देखणी कधी पाहिलीच नव्हती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. जेवताना श्रीहरीने विचारलं, "थो हार तरी दाखव. कोनाची कारागिरी हाय?" रुखमाने खाटेखालून काढून दिला. त्याने तो गळ्यात घालून पाहिला, मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढला. मग एका फुलाचं लोंबणारं टोक दिसलं ते त्याने ओढलं. टोक आत ओवलेलं नव्हतंच. फूल सरसर उलगडत गेलं, पाकळी गेली, पोट गेलं, आणि त्याच्या उष्ट्या बोटांत नुसती वाकडी लोकर उरली.

"कच्चं काम हाय," तो हसत म्हणाला, आणि गंमत म्हणून दुसरं टोक ओढलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हाताला रस्सा लागलेला, म्हणून त्याने अंगठ्याने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून लहान पोराचा आवाज आला, "नान्ना? नान्ना!"

इकडच्या माणसाला तेवढी तेलुगू कळते. नान्ना म्हणजे बाबा.

श्रीहरीने गडबडीने फोन उचलून कानाला लावला. उर्वशीने आईकडे पाहिलं. रुखमाच्या हातात भाताची थाळी होती. तिने शांतपणे वाढलं, वर रस्सा घातला आणि म्हणाली, "अजून घ्या. दूर जाचं हाय."

तो दोन रात्री राहिला. जाताना उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शीक, शीक. इथीच शीक. आईले सोडून जाऊ नोको." जीप वळेपर्यंत रुखमा चौकात उभी होती. घरी येऊन तिने आधी ट्रंक उघडली आणि कपडे एकेक करून परत दोरीवर टाकले.

मामाचा फोन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "ते आले होते ना गा! आता कसं घर सोडू?" मामा काहीतरी बराच वेळ बोलत होता. रुखमा हसून ऐकत होती, जसं लहान भावाचं ऐकतात. ब्रह्मपुरीची तारीख गेली. उर्वशीने जवळच्या विद्यालयात आर्ट्सला नाव घातलं. वर्गात बाईंनी विचारलं, मोठेपणी काय व्हायचंय, तर ती म्हणाली, "पाहीन." निकालाच्या दिवसांतली उर्वशी असती तर उभी राहून भाषण दिलं असतं.

भाताची रोवणी संपत आली तेव्हाची गोष्ट. रुखमा बाजारातून आली आणि तिने पिशवीतून लोकरीच्या गुंड्या काढून उर्वशीपुढे मांडल्या. लाल, पिवळी, पांढरी. चांगली, मऊ, महागातली.

"थो हार पुना कर बाई," ती म्हणाली. "पयल्यापक्षा मोठा कर. टोकं पक्के कर अवंदा."

"कायले?"

"भिताडाले लावू. प्रनित फोटो काढते म्हने. मी बोलली त्याच्यासंग." रुखमाचा आवाज लाजल्यासारखा झाला. "तिकडे दिसला का येतीन ते. मांगं नाई आले का?"

उर्वशी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. कपाळावरचं कुंकू ठसठशीत होतं.

"आई, मेलेल्या मानसाले लावतेत हार."

"मले मालूम हाय," रुखमा म्हणाली. "तू कर."

सुई समोरच होती. उर्वशीने हात पुढे केला नाही.

"मले नाई येत."

"नाई येत कशी? तूनंच तं केला."

"विसरली."

रुखमाने थोडा वेळ वाट पाहिली. मग गुंड्या परत पिशवीत भरल्या, सुईही घेतली आणि बाहेर पडली. थोड्या वेळाने कुडापलीकडून तिचा आवाज ऐकू आला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंजीताला ती विचारत होती, तिच्या पोरीला अशी फुलं विणता येतात का. रंजीताने काहीतरी विचारलं असावं, कारण रुखमा हसली.

"नाई वो, घाई नाई," ती म्हणाली. "पोळ्याच्या सनापावतर झाला पायजे."